भाषेवांचून चीनची यात्रा

शाळेंत इतिहास शिकवितांना फाहिएन आणि ह्युएनत्संग या दोन चिनी यात्रिकांचीं नांवें आम्हां मास्तर मंडळींच्या तोंडीं नेहमींच असत. ह्युएनत्संग सातव्या शतकांत आपल्या महाराष्ट्रांतहि येऊन गेला. येथील लोकांच्या मानी स्वभावाविषयीं त्यानें जें लिहिलें, तें मुलांकडून घोकून घेण्यांत आम्हांस मोठें समाधान वाटे. असाच एकदां हा धडा चालला असतां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "मास्तर, त्याला इथली भाषा येत नव्हती, तर तो जेवायला मागायचा कसा?" वर्ग हंसला. मींहि कांहींतरी बोलून वेळ मारून नेली; परंतु प्रश्न खरा होता आणि उत्तर मजपाशीं नव्हतें.

ह्युएनत्संगाची गोष्ट थोडी निराळी होती. तो नालंदेस वर्षानुवर्षें राहून संस्कृत शिकला व पुढें राजेरजवाड्यांचा पाहुणा झाला. त्याच्या ग्रंथांत राज्यें, विहार, स्तूप आणि धर्ममतें यांची माहिती विपुल आहे. पण रोजच्या शिध्याचा हिशेब त्यांत नाहीं. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मला पुष्कळ वर्षांनीं दुसऱ्याच एका यात्रिकाच्या रोजनिशींत सांपडलें. हा यात्रिक चीनमधून हिंदुस्थानांत आलेला नव्हे, तर जपानमधून चीनमध्यें गेलेला. त्याचें नांव एन्निन. त्याच्याविषयींच आज चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे.

एन्निनचा जन्म इ. स. ७९४ च्या सुमाराचा. क्योतो नगराशेजारच्या हिएई पर्वतावरील मठांत सैचो या थोर आचार्याजवळ त्याचें अध्ययन झालें. त्या काळीं चीनमध्यें तांग घराण्याचें राज्य होतें, आणि जपानच्या दरबारानें तांग सम्राटाकडे एक वकिलात पाठविण्याचें ठरविलें होतें. फुजिवारा त्सुनेत्सुगु नांवाचा सरदार तिचा प्रमुख होता. ८३६ आणि ८३७ अशा दोन वर्षीं वादळांनीं तिचीं गलबतें परत लोटलीं. तिसऱ्या खेपेस, ८३८ सालीं, तीं चीनच्या किनाऱ्यास लागलीं, तीं देखील गाळांत रुतून फुटावयाच्या बेतास येऊनच. जपानमधून तांग दरबारीं पोंचलेली ही शेवटचीच वकिलात ठरली. एन्निन हा तिच्याबरोबर धर्माध्ययनासाठीं गेलेला भिक्षु. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, बरोबर इशो व इग्यो हे दोन शिष्य आणि तेई युमान नांवाचा एक चाकर. त्यानें निघाल्यापासून परत येईपर्यंत नऊ वर्षांहून अधिक काळाची रोजनिशी लिहिली. मौज अशी कीं, ती त्यानें चिनी भाषेंत लिहिली, आणि चिनी भाषा तर त्याला बोलतां येत नव्हती!

हें कोडें कसें, तें सांगतों. आपण कागदावर ५ हा आंकडा काढला, तर मराठी माणूस त्यास 'पांच' म्हणेल, कानडी माणूस 'ऐदु' म्हणेल, इंग्रज 'फाइव्ह' म्हणेल. उच्चार तीन, अर्थ एक. चिनी लिपींतील चिन्हें बरीचशीं अशा प्रकारचीं आहेत. जपानी विद्वान तीं चिन्हें लहानपणापासून शिकत, चिनी ग्रंथ वाचीत, चिनी रीतीनें निबंधहि लिहीत. मात्र वाचतांना उच्चार आपल्या पद्धतीचा करीत. त्यामुळें चिनी पंडित आणि जपानी भिक्षु समोरासमोर बसले म्हणजे एकमेकांचा एक शब्दहि त्यांस कानांनीं कळत नसे. पण मध्यें कागद, शाई आणि कुंचला ठेवला कीं तासन्‌तास संभाषण चाले. या प्रकारास 'लेखणीचें बोलणें' असें म्हणत. एन्निनची सारी यात्रा या बोलण्याच्या आधारावर झाली.

यांगत्से नदीच्या मुखाजवळ उतरल्यावर प्रथम त्याच्या नजरेस पडलीं तीं सरकारी मिठाचीं गलबतें. तीन-तीन, चार-चार एकत्र बांधून त्यांच्या रांगा मैलोगणती लागलेल्या होत्या. कालव्यांतून जातांना चाळिसांहून अधिक होड्यांची माळ दोन रेडे ओढीत आहेत, हें पाहून त्यानें तें टिपून ठेवलें. पुढें यांगचौ नगरांत त्याचा मुक्काम काइ-युआन नांवाच्या विहारांत पडला. तेथील भिक्षूंशीं त्यानें कुंचल्यानेंच कुशल विचारलें. जवळचें थोडें सोन्याचें चूर्ण त्यानें बाजारांत मोडावयास दिलें. तांब्याच्या भोंकाच्या नाण्यांची हजारांची एक माळ ओवीत. त्या हिशेबानें त्यास ९ माळा आणि ४०० नाणीं मिळालीं. त्यांतून त्यानें रेशमी कापड घेऊन भिक्षूंचीं वस्त्रें शिवविलीं. एवढी बारीक नोंद करणारा हा गृहस्थ होता. पैसा थोडा, दिवस पुष्कळ, ही जाणीव त्याला पहिल्यापासून होती.

त्याच्या मनांत टिएन-ताई पर्वतावरील मठांत जावयाचें होतें, कारण त्याच्या संप्रदायाचें तें मूळपीठ. परंतु परवानगी मिळेना. वकिलात परत निघाली आणि तिच्याबरोबर त्यानेंहि परत जावें, असा हुकूम झाला. येथें एन्निननें एक गोष्ट केली, ती कायद्याच्या विरुद्ध होती. ८३९ सालीं गलबतें किनाऱ्याकिनाऱ्यानें जात असतां तो, दोघे शिष्य आणि चाकर असे चौघे एके ठिकाणीं गुपचूप उतरून राहिले. कोळसा वाहून नेणाऱ्या कोरियन खलाशांची व त्यांची गांठ पडली, तेव्हां आपणहि सिल्ला देशाचे, म्हणजे कोरियाचे, भिक्षु आहों असें त्यांनीं सांगितलें. त्या काळीं चीनच्या पूर्व किनाऱ्यावर कोरियन व्यापारी व नावाडी यांची मोठी वस्ती असे; त्यांत आपण मिसळून जाऊं, असा त्यांचा अंदाज होता.

जवळच्या खेड्यांत ते पोंचले आणि तेथेंच अंदाज फसला. गांवचा एक वृद्ध त्यांच्याकडे आला व त्यानें आपलें म्हणणें लिहून त्यांच्यापुढें ठेवलें. त्याचा मतलब असा कीं, तुम्ही सिल्लाचे म्हणवितां. परंतु तुमचें बोलणें सिल्लाचेंहि नव्हे आणि आमच्या तांग देशाचेंहि नव्हे. जपानी गलबतें वाऱ्याची वाट पाहात थांबलीं आहेत असें ऐकतों. तुम्ही त्यांतून पळालेले तर नव्हे? श्रोतेहो, ज्या लेखणीनें विहारांचीं दारें उघडलीं, तिनेंच येथें चोरी पकडली. एन्निननें आजाराची सबब लिहून दिली. ती खरी नव्हती, आणि हें सारें त्यानें आपल्या रोजनिशींत न लपवितां नमूद केलें आहे. चौघांची परत जपानी गलबतावर रवानगी झाली.

परंतु त्याचा निश्चय ढळला नाहीं. तेंच गलबत शांतुंग प्रांताच्या किनाऱ्यावर रेंगाळत असतां तो चिशान येथें पुन्हां उतरला, आणि या वेळीं गलबत त्याला सोडूनच निघून गेलें. चिशानचा मठ कोरियन लोकांचा होता. चांग पोगो नांवाच्या कोरियन दर्यावर्दी सरदारानें तो स्थापिला होता व त्याच्या जमिनीचें उत्पन्न वर्षास ५०० 'शी' तांदळाचें होतें, असें एन्निन लिहितो. तेथें त्याला अन्न मिळालें, निवारा मिळाला, आणि मुख्य म्हणजे दोन्ही भाषा जाणणारीं माणसें मिळालीं. टिएन-ताई फार दूर. त्यापेक्षां मंजुश्री बोधिसत्त्वाचें स्थान जो वुताई पर्वत तेथें जा, हा सल्ला त्यांचाच. चांग योंग नांवाच्या एका कोरियन अंमलदारानें खटपट करून त्याला प्रवासाचा परवाना मिळवून दिला. कारण तांग राज्यांत परवान्यावांचून एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत जाणें शक्य नसे. प्रत्येक नाक्यावर कागद दाखवावा लागे, आणि प्रत्येक कागदासाठीं अर्ज करावा लागे. असे कित्येक अर्ज रोजनिशींत जसेच्या तसे उतरलेले आहेत. विनयानें वांकलेलीं तीं वाक्यें वाचतांना आपल्याकडील दफ्तरांची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं!

८४० सालच्या दुसऱ्या चांद्र महिन्यांत चौघे पायीं निघाले. त्या प्रांतांत तीन-चार वर्षें टोळधाड येऊन पिकें फस्त झालेलीं होतीं. 'तौ' नांवाचें धान्याचें एक माप असे. त्यांत आजच्या हिशेबानें सुमारें ६ लिटर धान्य मावे. डेंगचौ येथें एक तौ राळ्यास ३० नाणीं आणि तांदळास ७० पडत. लायचौ येथें राळे ५० व तांदूळ ९० झाले. चिंगचौस पोंचेपर्यंत राळे ८० आणि तांदूळ १०० वर गेले. डेंगचौच्या हद्दींत तर लोक ओक झाडाचीं कडवट फळें खाऊन दिवस काढीत होते. एन्निनजवळचा शिधा संपला. तेव्हां त्यानें चिंगचौच्या एका अंमलदारास अर्ज लिहिला: दूर देशाचे भिक्षु आहों, धान्य मिळत नाहीं, भूक भागविण्यापुरतें द्यावें. अंमलदारानें ३ तौ तांदूळ, ३ तौ पीठ आणि ३ तौ राळे पाठविले. प्रांताच्या सुभेदाराकडूनहि कापडाचे ३ ठाण आणि ६ 'चिन' चहा आला. एक चिन म्हणजे सुमारें दीड रत्तलाचें वजन. चहा हा प्रवासांत नाण्यासारखाच उपयोगी पडे.

लिहितां-वाचतां येणाऱ्या माणसापुढें कुंचला हें असें चालत असे. परंतु खेड्यांतील शेतकऱ्यास अर्ज कोण वाचून दाखविणार? तेथें हात जोडून उभें राहणें आणि भिक्षापात्र पुढें करणें, एवढीच भाषा उरे. म्हणून ज्या घरीं रात्र काढली त्या घराविषयीं एन्निन रोज एक-दोन शब्द लिहून ठेवतो. अमुक ठिकाणीं यजमान धर्मशील. भाजी-भात पोटभर दिला. अमुक ठिकाणीं यजमान सरळ मनाचा. अमुक ठिकाणीं यजमान अत्यंत कृपण. एक ताटली भाजी दोन-तीनदां मागावी तेव्हां मिळाली. एके ठिकाणीं मीठ, आंबूस, चटणी, भाजी यांपैकीं कांहींच मिळेना. शेवटीं पदरचा एक चिन चहा देऊन लोणच्यासारखी भाजी घेतली, तर तीहि तोंडांत घालवेना! मला हा भाग वाचतांना हंसूं येई आणि वाईटहि वाटे. बोलतां येत असतें, तर त्यानें दोन गोष्टी विचारल्या असत्या, घरचें सुखदुःख ऐकलें असतें. तें नसल्यामुळें माणसाची पारख करण्यास त्याच्यापाशीं ताटाखेरीज दुसरें मापच नव्हतें.

डोंगराळ भाग लागल्यावर स्थिति पालटली. वुताईच्या वाटेवर ठिकठिकाणीं 'सर्वसामान्य आश्रम' म्हणून धर्मशाळा होत्या. भिक्षु असो कीं संसारी असो, कोणीहि यावें आणि रात्र काढावी. अन्न असेल तर मिळे, नसेल तर न मिळे. म्हणूनच त्यास 'सर्वसामान्य' हें नांव, असा खुलासा एन्निन करतो. दुष्काळामुळें त्यांतील कांहींत शिजविण्यास कांहींच नसे. पण छप्पर असे आणि कोणाची हरकत नसे. चौथ्या महिन्याच्या अखेरीस पर्वताचें शिखर प्रथम दिसलें, तेव्हां त्यानें जमिनीवर पडून वंदन केलें व त्याच्या डोळ्यांतून अश्रु वाहूं लागले. चिशानहून येथवर २,३०० 'ली'हून अधिक वाट झाली होती. मुक्कामाचे दिवस वगळून प्रत्यक्ष चालण्याचे ४४ दिवस पडले, आणि वाटेंत कोणी आजारी पडलें नाहीं, अशी त्यानें कृतज्ञतेनें नोंद केली आहे.

वुताईच्या एका मोठ्या विहारांत त्यानें एक आख्यायिका ऐकली. पूर्वी एका दात्यानें तेथें मोठें अन्नदान केलें. एक गर्भवती भिकारीण पंक्तींत बसली आणि पोटांतल्या बाळाचा वांटा निराळा मागूं लागली. दात्यानें तो नाकारला. तेव्हां ती न जेवतां उठली, आणि दाराबाहेर पडतांच मंजुश्रीच्या तेजस्वी रूपानें आकाशांत गेली. तेव्हांपासून या पर्वतावरील अन्नदानांत स्त्री-पुरुष, थोर-लहान, श्रीमंत-गरीब असा भेद न करण्याचा नियम झाला. आख्यायिका खरी असो वा नसो, नियम खरा होता आणि परक्या मुलखांतून आलेल्या चौघांस त्याचा लाभ मिळाला.

तेथून एन्निन राजधानी चांग-आन येथें गेला आणि जवळजवळ पांच वर्षें राहिला. तेथें आपल्या देशाशीं संबंध असलेली एक हकीकत आहे. दक्षिण हिंदुस्थानांतून आलेला एक पंडित तेथें होता. चिनी लोक त्यास पाओ-युए, म्हणजे रत्न व चंद्र या अर्थाच्या नांवानें ओळखीत. त्याच्यापाशीं एन्निन संस्कृताची सिद्धम्‌ लिपि शिकला. या पंडितास स्वदेशीं परतावयाचें होतें. ८४१ सालीं सम्राटाच्या भेटीच्या वेळीं त्यानें वरिष्ठ अधिकाऱ्यास न विचारतां आपला अर्ज स्वतःच पुढें केला. अधिकारी संतापला. पंडितास मार बसला नाहीं; पण त्याच्या तिघां शिष्यांस प्रत्येकीं ७ आणि त्याच्या दुभाष्यास १० फटके बसले, आणि घरीं जाण्याची परवानगी मिळाली नाहीं ती नाहींच. जो बोलला त्यास शिक्षा नाहीं. ज्यानें त्याचें बोलणें दुसऱ्या भाषेंत सांगितलें, त्यास सर्वांहून अधिक!

याच शहरांत ८४३ सालीं एन्निनचा तरुण शिष्य इग्यो आजारी पडून वारला. पुरण्यास जागा विकत घ्यावी एवढें द्रव्य जवळ नव्हतें. मठाकडे अर्ज करावा लागला आणि मठानें जागा दिली. अन्नासाठीं, परवान्यासाठीं ज्या कुंचल्यानें लिहिलें, त्यानेंच तोहि अर्ज लिहिला गेला.

पुढें सम्राट वूत्सुंग यानें बौद्ध धर्माविरुद्ध हत्यार उपसलें. ८४५ च्या फर्मानाप्रमाणें ४,६०० हून अधिक विहार पाडले गेले आणि २,६०,५०० भिक्षु-भिक्षुणींस संसारी व्हावें लागलें. एन्निनलाहि भिक्षूचीं वस्त्रें उतरवून देशाबाहेर घालविलें. पण निघण्याच्या वेळीं चांग-आनमधील चिनी व कोरियन स्नेही निरोप देण्यास जमले. कोणी कापड दिलें, तर एका अधिकाऱ्यानें वाटेवरील आपल्या परिचितांच्या नांवें पांच पत्रें दिलीं. सरकार एकीकडे हांकलीत होतें आणि त्याच सरकारचे नोकर दुसरीकडे शिदोरी बांधून देत होते.

परतीच्या वाटेवर तो पुन्हां शांतुंगच्या खेड्यांतून गेला. तेथील अन्न जाडेंभरडें, गिळवत नाहीं, खाल्लें तर छातींत दुखतें, अशी तक्रार या वेळींहि आहे. परंतु तिच्याबरोबर एक नवीन वाक्य आहे. तो सांगतो कीं, या डोंगरी गांवांत कालवण शिजविण्याची चालच नाहीं. बारा महिने थंड भाजीच खातात. आणि पाहुणा अगदीं मानाचा असला तर त्यास कोरडी भाकरी व थंड भाजी वाढणें हीच येथील मेजवानी. पांच वर्षांपूर्वीं ज्या प्रांतांत त्यानें 'यजमान कृपण' असें लिहिलें होतें, त्याच प्रांताविषयींचें हें वाक्य आहे. पूर्वींची नोंद त्यानें खोडली नाहीं. पण माझा तर्क असा कीं, सात वर्षें कानांवर भाषा पडून, आणि लोकांच्या दुष्काळांत त्यांच्याबरोबर राहून, त्याला ताटामागचें घर दिसूं लागलें होतें. ज्यास आपण कंजुषी समजलों, तें कदाचित्‌ त्या घरांतील सर्वांत चांगलें अन्न होतें.

८४७ सालीं तो जपानला पोंचला. ५८४ ग्रंथांच्या ८०२ गुंडाळ्या त्यानें मिळविल्या होत्या. ८५४ त तो आपल्या मठाचा मुख्य झाला आणि ८६४ त वारला. त्याच्या रोजनिशीची जुनी प्रत १२९१ सालची आहे. बहात्तर वर्षांच्या एका भिक्षूनें म्हाताऱ्या डोळ्यांनीं ती उतरून काढली. ती क्योतोच्या तोजी मठांत १८८३ सालीं सांपडली, आणि १९५५ सालीं राइशाउर या अमेरिकन पंडितानें तिचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें.

आतां त्या मागच्या बांकावरील मुलाच्या प्रश्नाकडे येतों. जेवावयास मागावें कसें? एन्निनचें उत्तर असें: जेथें वाचणारा भेटेल तेथें लिहून, जेथें न भेटेल तेथें हात जोडून, कधीं चहा देऊन, तर कधीं तीनदां मागून. पण त्याच्या रोजनिशीवरून मला आणखी एक गोष्ट कळली, ती मीं त्या मुलास सांगावयास पाहिजे होती. भाषा येत नसली तरी प्रवास होतो, भूकहि भागते. मात्र यजमान कसा होता, हें ठरविण्याची घाई अशा प्रवाशानें करूं नये. तो मुलगा आतां मोठा गृहस्थ झाला असेल. कदाचित्‌ कोठेंतरी बसून हें ऐकतहि असेल, या आशेनें मी आपली रजा घेतों.